रोजचं ९०० लिटर पाणी शेडबाहेर काढायचं कसं? पोल्ट्रीतली हवा आणि आर्द्रता सांभाळण्याची पद्धत

पहाटे शेडचं दार उघडलं की पहिल्या दोन-तीन श्वासांत नाक जे सांगतं ते खरं. त्यानंतर नाकावर भरवसा ठेवू नका. अमोनियाच्या वासाला माणूस काही मिनिटांत सरावतो. दिवसभर आत वावरणाऱ्याला तर २५ पीपीएमचाही (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग अमोनिया) वास जाणवेनासा होऊ शकतो. पक्ष्यांना मात्र त्या पातळीला त्रास सुरू झालेला असतो. श्वासनलिकेच्या आतल्या बारीक लवीचं काम मंदावतं, धूळ आणि जंतू सरळ खाली फुफ्फुसापर्यंत उतरतात आणि आठवड्याभरात खुरखुर ऐकू यायला लागते. प्रमाण ५० च्या आसपास गेलं की डोळे सुजतात आणि पक्षी ते मिटून कोपऱ्यात बसून राहतात. मग आपण औषधाची बाटली शोधायला लागतो.

हा अमोनिया येतो विष्ठेतून. विष्ठेतलं यूरिक आम्ल जंतू फोडतात, आणि त्या जंतूंना काम करायला ओल आणि ऊब लागते. ऊब आपण काढून घेऊ शकत नाही, पण ओल काढता येते. म्हणून वासाची तक्रार असलेल्या शेडमध्ये मी पंखे मोजण्याआधी पाणी मोजायला सांगतो.

आधी पाण्याचा हिशेब

शेडमध्ये येणाऱ्या पाइपवर एक मीटर बसवा आणि रोज ठरलेल्या वेळी आकडा लिहा. साधारण हवामानात पक्षी खाद्याच्या वजनाच्या पावणेदोन ते दोन पट पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. ५,००० ब्रॉयलर (मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्या) आहेत, चौथा आठवडा चालू आहे, पक्ष्यामागे २५० मिली धरलं तर दिवसाला १,२५० लिटर झालं. त्यातलं थोडं पक्ष्याच्या अंगात राहतं. उरलेलं ७० ते ८० टक्के श्वासावाटे आणि विष्ठेवाटे शेडमध्येच येतं. म्हणजे अंदाजे ९०० लिटर, २०० लिटरचे साडेचार पिंप. कुणी रोज येऊन एवढे पिंप लिटरवर, म्हणजे पक्ष्यांखाली अंथरलेल्या भुशाच्या थरावर, उपडे केले असते तर आपण रान उठवलं असतं. पक्षी तेच काम चोवीस तासांत थेंबाथेंबानं करतात, म्हणून ते डोळ्यांवर येत नाही.

हे पाणी बाहेर न्यायला हवेखेरीज दुसरं वाहन नाही. आणि या वाहनात किती माल बसतो ते तापमानावर ठरतं. १० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ९.४ ग्रॅम वाफ धरते, २० अंशांना १७ ग्रॅम आणि ३० अंशांना ३० ग्रॅम. दहा-अकरा अंश वाढले की धारणशक्ती जवळपास दुप्पट होते. म्हणूनच तीच हवा तेवढी तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे ती धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे तो आकडा, निम्म्यावर येते.

आता हिवाळ्यातली सकाळ घ्या. बाहेर १२ अंश आणि ९० टक्के आर्द्रता. हाताला ती हवा दमट लागते, म्हणून पडदे घट्ट लावून घेण्याचा मोह होतो. ग्रॅममध्ये मोजलं तर त्या हवेत घनमीटरमागे फक्त साडेनऊ ग्रॅम पाणी आहे. आत येऊन ती २८ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ३५ टक्क्यांवर उतरते. ६५ टक्क्यांपर्यंत भिजू दिली तरी ती घनमीटरमागे ८ ग्रॅम उचलून नेते. ९०० लिटर म्हणजे ९ लाख ग्रॅम. त्याला ८ नं भागा: दिवसाला सव्वा लाखाच्या थोडी खाली, १,१२,५०० घनमीटर हवा. पंख्याच्या भाषेत ते सुमारे २,७५० सीएफएम होतात, म्हणजे मिनिटाला तितके घनफूट. पक्ष्यामागे अर्ध्या सीएफएमपेक्षा किंचित जास्त.

थंडीतल्या किमान हवेसाठी वापरला जाणारा ठोकताळाही जवळपास हेच सांगतो. पहिल्या आठवड्यात पक्ष्यामागे ०.१ सीएफएम, दुसऱ्यात ०.२५, तिसऱ्यात ०.३५, चौथ्यात ०.५, पाचव्यात ०.६५ आणि सहाव्यात ०.७. आकडे पाठ नसले तरी चालतील, मीटरवरून हिशेब मांडता आला म्हणजे झालं. एखाद्या दिवशी वापर अचानक १५-२० टक्क्यांनी वाढला आणि हवामान तेच असलं, तर आधी गळका निपल (पाण्याच्या लाइनवरची, चोच लावली की थेंब सोडणारी तोटी) शोधा.

मोजणारं यंत्र खरं बोलतंय का?

आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर स्वस्त मिळतो आणि बिनदिक्कत खोटं बोलतो. माझ्याकडचा एक दोन बॅच ६० दाखवत होता आणि मी निर्धास्त होतो. लिटर मात्र ओलसरच राहायचं. शेवटी मिठाची चाचणी केली.

बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या. त्यावर थेंब-थेंब पाणी टाका. मीठ ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळून पाणी होता कामा नये. झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट बंद होणाऱ्या डब्यात शेजारी-शेजारी ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. अशा बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. यंत्रानं ७५ दाखवलं तर ठीक. माझ्यानं ६४ दाखवलं. म्हणजे शेडमधले ६० हे खरे ७१ होते. तेव्हापासून प्रत्येक यंत्राच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवलेली असते: "+११", "−२", जे असेल ते.

यंत्र टांगायचं ते पक्ष्यांच्या पाठीच्या उंचीला. माणसाच्या डोळ्यांसमोर, खांबाला अडकवलेला हायग्रोमीटर माणसाची हवा सांगतो. ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारं साधन), पडदा आणि पाण्याची लाइन यांपासून ते लांब ठेवा. लांब शेड असेल तर एक मधोमध आणि एक टोकाला.

आणि रोज एकदा शेडच्या मध्यावर उकिडवं बसा, पाच मिनिटं, हालचाल न करता. उभ्या माणसाला न लागणारा वास गुडघ्याच्या उंचीवर लागतो. पक्षी कुठे दाटलेत आणि कुठली जागा टाळतायत तेही तिथूनच दिसतं.

पहिले दहा दिवस

पिल्लं येण्याच्या आदल्या दिवसापासून ब्रूडर चालू करा. लिटरवर तळहात ठेवला की कोमट लागलं पाहिजे. नुसती हवा गरम आणि खाली लिटर गार असेल तर पिल्लाच्या पायांतून ऊब निघून जाते. पहिल्या दिवशी पिल्लाच्या उंचीला ३२ ते ३४ अंश, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत पाचव्या आठवड्याच्या सुमारास २१-२२.

आर्द्रतेचं गणित या वयात उलटं असतं. पहिले तीन दिवस ६० ते ७० टक्के हवी. ब्रूडरच्या कोरड्या हवेत ती ४० च्या खाली गेली तर पिल्लं सुकतात, पाय वाळल्यासारखे दिसतात, वाढ मागेपुढे होते. तेव्हा ब्रूडरजवळ पाण्याचे पसरट ट्रे ठेवा किंवा ओलं गोणपाट टांगा. आठवडा उलटला की हे सगळं उचला. त्यानंतर ५० ते ६५ टक्क्यांचा पट्टा सांभाळायचा. ७० च्या वर बरेच दिवस राहिलं की लिटर थापायला लागतं, ५० च्या बरंच खाली गेलं की धूळ उडते.

इथली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ऊब टिकावी म्हणून ब्रूडिंगची जागा प्लॅस्टिकनं चहूबाजूंनी बंद करणं आणि आत कोळशाची शेगडी पेटवणं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पिल्लं सुस्त पडतात, आपल्याला वाटतं प्रवासाचा शीण असेल. गॅसचा ब्रूडरही आतलाच ऑक्सिजन खातो आणि जळताना वाफ सोडतो. छताजवळ वीतभर फट पहिल्या रात्रीपासून उघडी हवी. थोडं इंधन जास्त जळेल, जळू द्या. लहान वयात कोंदट आणि गार हवेत राहिलेल्या ब्रॉयलरमध्ये पुढे पोटात पाणी होण्याचं प्रमाण वाढतं. तेव्हा वाचवलेल्या इंधनाचा हिशेब कुणी मांडत नाही.

पडद्यांचं शेड

बांधणीबद्दल थोडक्यात. लांबी पूर्व-पश्चिम, रुंदी २५ ते ३० फुटांच्या आत, बाजूची भिंत फूट-दीड फूट, वळचण ३ ते ४ फूट बाहेर, आणि आढ्याला हवा निघायला मोकळी जागा. रुंदी याहून जास्त असेल तर नुसत्या वाऱ्यावर मधल्या पट्ट्यातली हवा हलत नाही, पंखे लावावेच लागतात. बांधून झालेल्या शेडला हे सांगून उपयोग नाही, पण जाळी झाडणं तर हातात आहे. पिसं आणि धूळ बसून जाळीची भोकं बुजतात आणि मालक म्हणतो की पडदे उघडे असूनही हवा येत नाही.

पडदा खालच्या कडेला पक्का असावा आणि वरून खाली सरकावा. कितीतरी शेडमध्ये तो वर बांधलेला असतो आणि खालून गुंडाळून उचलतात. त्यानं गार वारा थेट पिल्लांच्या अंगावर येतो आणि गरम दमट हवा छताखाली अडकून राहते. कप्पी आणि दोरीचा खर्च किरकोळ आहे, तेवढा बदल करून घ्या.

थंडीच्या रात्री दोन्ही बाजूंना वर वीतभर फट ठेवायची. वाऱ्याच्या बाजूची लहान आणि आडोशाच्या बाजूची मोठी. सकाळी ऊन तापू लागलं की पडदा एकदम सोडू नका. आधी आडोशाची बाजू हातभर खाली, अर्धा तास पक्षी बघा, गोळा झाले नाहीत तर आणखी हातभर. संध्याकाळी हेच उलट्या क्रमानं, आणि गारठा पडायच्या आधी. घाईत एका झटक्यात उघडलेल्या पडद्यानं सकाळची थंडी आत घेतली की पक्षी एका बाजूला दाटतात, आणि खालचे चेंगरून मरतात.

बंद शेड आणि टायमर

ईसी शेडमध्ये, म्हणजे यंत्रांनी हवा-तापमान सांभाळणाऱ्या बंद शेडमध्ये, थंडीतली किमान हवा टायमरवर चालते. १०,००० पक्षी, दुसरा आठवडा: १०,००० गुणिले ०.२५ म्हणजे २,५०० सीएफएम. ३६ इंची पंखा सुमारे १०,००० सीएफएम फेकत असेल तर तो एकूण वेळाच्या चौथा हिस्सा चालायला हवा. पाच मिनिटांच्या चक्रात ७५ सेकंद चालू, २२५ सेकंद बंद. वीस मिनिटांचं चक्र लावून पाच मिनिटं सलग चालवलं तर सरासरी तीच येते, पण मधल्या पंधरा मिनिटांत हवा कोंदते आणि नंतर शेड गारठतं. चक्र छोटं ठेवा, फक्त चालू वेळ मिनिटाच्या खाली नेऊ नका. एवढ्या वेळेत बाहेरची हवा धड आत मिसळतही नाही.

पंखा हवा बाहेर ओढतो, पण ती आत कुठून आणि किती जोरात येते यावर सगळं ठरतं. थंडीत आतल्या-बाहेरच्या हवेच्या दाबातला फरक २० ते २५ पास्कल असेल तर बाजूच्या झडपांतून हवा जोरात शिरते, छताला धरून मध्यापर्यंत जाते, वाटेत छताखालच्या उबेत मिसळते आणि मग खाली उतरते. हा फरक कमी असेल तर तीच गार हवा झडपेतून पाण्यासारखी भिंतीलगत खाली पडते. तपासायला यंत्र लागत नाही. पंखा चालू असताना धूर देणारी कांडी झडपेपाशी धरा आणि धूर कुठे जातो ते बघा. छताला चिकटून मध्यापर्यंत गेला तर छान. दोन फुटांवर खाली वळला तर झडप कमी उघडा, किंवा दाराच्या आणि पत्र्याच्या फटी बुजवा. फटींतून येणारी हवा मोजणीत येते, कामात येत नाही.

शटरवर धूळ बसली किंवा पट्टा सैल झाला की पंखा फिरताना दिसतो आणि हवा बरीच कमी फेकतो. बॅचच्या मधे शटर पुसून घ्या.

लिटर काय सांगतं?

मूठभर लिटर घट्ट दाबा आणि मूठ उघडा. सैलसा गोळा होऊन लगेच फुटला तर ओलावा २०-२५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे योग्य. गोळा तसाच राहिला आणि हाताला ओल लागली तर जास्त. गोळाच झाला नाही तर धुळीला तयार राहा.

मुठीपेक्षाही मला लिटरच्या ओलीचा नकाशा जास्त बोलका वाटतो. पाण्याच्या लाइनखालीच पट्टा ओला असेल तर दोष निपलचा, दाबाचा किंवा उंचीचा. पक्ष्यानं मान किंचित वर ताणून निपलला चोच लावली पाहिजे, आणि बेल ड्रिंकरची (घंटेच्या आकाराच्या टांगत्या पाणीभांड्याची) कड पाठीच्या उंचीला हवी. भिंतीलगत, झडपांखाली थापलं असेल तर गार हवा खाली पडते आहे. शेडच्या एका टोकालाच ओल असेल तर पक्षी तिकडे का दाटलेत ते शोधा. आणि सगळीकडे सारखंच चिकट असेल तर हवा कमी पडते आहे, दुसरं काही नाही.

थापलेले पोपडे उचलून बाहेर टाका, खालीवर करून पुन्हा मिसळू नका. बाकीचं लिटर खालीवर करताना पडदे उघडे आणि पंखे चालू हवेत, कारण त्या वेळी अडकलेला अमोनिया एकदम सुटतो. पक्षी आत असताना ओल्या लिटरवर चुना मारण्याची सवय सोडलेली बरी. चुन्यानं सामू वाढतो आणि लिटरमध्ये बांधलेला अमोनिया उसळून बाहेर येतो. पांढरंशुभ्र दिसणारं शेड तासाभरात डोळे झोंबवतं.

उन्हाळा

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत. उष्णता वाढली की ती धापा टाकते, म्हणजे श्वासातून पाणी उडवून अंग गार करते. भोवतीची हवा आधीच दमट असेल तर हे पाणी उडत नाही. म्हणून तापमान एकटं बघू नका. एक ढोबळ मापक आहे: तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या आणि त्यात आर्द्रतेचा टक्का मिळवा. बेरीज १६० च्या वर गेली की मोठे पक्षी अडचणीत. ३५ अंश सेल्सिअस म्हणजे ९५ फॅरनहाइट. आर्द्रता ४० असेल तर बेरीज १३५, ७० असेल तर १६५. तापमान तेच, पण ७० आर्द्रतेच्या दिवशी मर होऊ शकते.

फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारं साधन) आणि कूलिंग पॅड (हवा ज्यातून ओढली जाते तो ओला पॅड) यांचं भलंबुरं याच बेरजेवर ठरतं. बाहेर ३८ अंश आणि २५ टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलिंग पॅड हवा ११-१२ अंशांनी उतरवतो. ३२ अंश आणि ७५ टक्के असेल तर जेमतेम ३. मग आपण फक्त आर्द्रता वाढवत असतो. आतली आर्द्रता ७५ ते ८० च्या पुढे गेली की फॉगर बंद करायचा आणि वाऱ्याचा वेग वाढवायचा. आणि हवा हलत नसताना फॉगर कधीच लावू नका. पंखे आधी, पाणी नंतर, तेही थोडं चालू थोडं बंद असं.

टनेलसाठी, म्हणजे एका टोकाकडून हवा घेऊन दुसऱ्या टोकाच्या पंख्यांनी ओढून काढण्याच्या पद्धतीसाठी, वेग मिनिटाला ५०० ते ६०० फूट धरतात. शेड ४० फूट रुंद आणि सरासरी १० फूट उंच असेल तर छेद ४०० चौरस फूट. ६०० नं गुणलं की २,४०,००० सीएफएम, म्हणजे प्रत्यक्ष २०,००० फेकणारे १२ पंखे. हा वेग मोठ्या पक्ष्यांसाठी. दोन आठवड्यांच्या आतल्या पिल्लांवर तो सोडला तर कडक उन्हाळ्यातही ती गारठतात.

संध्याकाळी गारवा आला म्हणून पंखे लवकर बंद करणं हीदेखील नेहमीची चूक. दिवसभर अंगात साठलेली उष्णता पक्षी रात्रीच बाहेर टाकतात. पहाटेपर्यंत वारा चालू राहू द्या.

पावसाळा

बाहेर ९५ टक्के आर्द्रता असताना हवा घेऊन फायदा काय, हा प्रश्न दरवर्षी येतो. २४ अंशांची ९५ टक्के आर्द्र हवा आत २८ पर्यंत तापली की ७६ टक्क्यांवर येते. फायदा थोडा असला तरी आहे, आणि अमोनिया तर त्या हवेबरोबर जातोच. फक्त हिवाळ्याच्या मानानं कितीतरी जास्त हवा न्यावी लागते. झोडपणाऱ्या पावसाच्या बाजूचा पडदा वर घ्या, तरी माथ्यावर फट ठेवा. दुसरी बाजू उघडी. मध्येच दोन तास उघडीप मिळाली तर सगळे पडदे खाली. याच दिवसांत निपलची गळती रोज तपासा, कारण आता सांडलेलं पाणी वाळायला जागाच उरत नाही.

वीज गेली तर

उघड्या शेडला याची फारशी धास्ती नाही. बंद शेडमध्ये मोठे पक्षी आणि उन्हाळ्याची दुपार असेल तर हातात मोजकी मिनिटं असतात. अलार्मला स्वतःची बॅटरी हवी, शेडच्या विजेवर चालणारा अलार्म वीज गेल्यावर गप्प बसतो. जनरेटर आठवड्यातून एकदा नुसता सुरू करून बंद करू नका, सगळे पंखे त्याच्यावर टाकून पंधरा मिनिटं चालवा. तोही दगावला तर पडदे आणि दारं हातानं उघडता आली पाहिजेत, आणि ती कशी उघडतात ते रात्रपाळीच्या माणसानं एकदा तरी स्वतः करून पाहिलेलं असावं. डिझेलच्या खोलीची चावी दाराशेजारच्या खिळ्यावरच टांगा, म्हणजे रात्री दोन वाजता, दिवे गेलेले असताना, ती चाचपडत हाताला लागेल.